माझ्या बापानं माणूस मारला

डॉक्टरांनी माझ्या डोक्याभोवती शिंप्याची फीत गुंडाळली आणि ती कपाळावर इतकी आवळली की डोळ्यांत पाणी आलं. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग हनुवटीपासून टाळूपर्यंत. आकडे ते मोठ्यानं सांगत होते. लोणावळ्याच्या बंगल्याचा व्हरांडा. वेताच्या खुर्च्या, चहाचे कप, मुंबईहून आलेले पाहुणे. मधोमध मी. बारा वर्षांची, अनवाणी.

"तोंड उघड," डॉक्टर म्हणाले.

मी उघडलं. त्यांनी अंगठ्यानं माझा ओठ वर सारला आणि दात पाहिले. बाजारात बैलाचे पाहतात तसे. अंगठ्याला तंबाखूचा वास होता.

त्याआधी मी इंग्रजी कविता म्हणून दाखवली होती. दर रविवारी दाखवायची. बंगल्याच्या मालकीण, ज्यांना आम्ही बाईसाहेब म्हणायचो, त्यांनीच मला इंग्रजी शिकवलं होतं. माझी आई त्यांच्याकडे भांडी घासायची, धुणं धुवायची. आम्ही दोघी मागच्या अंगाला, कोळशाच्या खोलीशेजारी राहायचो. नोकरांच्या देखत काही खासगी बोलायचं झालं की बाईसाहेब इंग्रजीत बोलत. त्या दिवशीही त्या इंग्रजीत बोलल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"हिचा बाप खुनी आहे. येरवड्याला शिक्षा भोगतोय. हिला माहीत नाही, हिला वाटतं तो तापानं मेला. मला बघायचंय, रक्त जिंकतं की शिक्षण."

"कान बघा," डॉक्टर म्हणाले. "असे कान बापाचेच असणार." डोक्याच्या आणि कानांच्या मापावरून गुन्हेगार ओळखता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"मग चाकूसुऱ्या मोजून ठेवत जा, वहिनी," एक पाहुणे म्हणाले. सगळे हसले. बाईसाहेबही हसल्या. खांद्यावरचा त्यांचा हात हलला नाही.

त्यांना वाटायचं मी पोपटासारखी पाठ म्हणते. मी कोळशाच्या खोलीत टाकलेली त्यांची जुनी इंग्रजी मासिकं रोज वाचत होते. मला शब्दन् शब्द कळला. मुलांनो, तुमची आजी इंग्रजी शिकली आणि इंग्रजीनं तिला पहिली बातमी दिली ती ही. बाप जिवंत आहे. बाप खुनी आहे. दोन्ही एका दमात.

मी मागच्या अंगाला गेले. आई मोरीवर बसून राखेनं पितळेचं पातेलं घासत होती.

"आये, आबा जित्ता हाय?"

तिचा हात थांबला. मग तोच राखेनं भरलेला हात माझ्या गालावर बसला. मी मोरीच्या दगडावर आपटले. ओठ फुटला.

"कोन बोललं? कोन बोललं तुला?"

"बाईसाहेब. पाव्हन्यास्नी. विंग्रजीत."

आई माझ्याकडे बघत राहिली. माझ्या ओठातून रक्त येत होतं आणि ती हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत.

"तिनंच शिकिवलं," ती म्हणाली, "आन् तिलाच न्हाई कळलं, व्हय, की तुला कळतंय!"

मग ती रडली. मग तिनं पदर पाण्यात बुडवून माझा ओठ पुसला. आणि पातेलं पुन्हा हातात घेऊन, ते घासत घासत, माझ्याकडे न बघता तिनं मला सांगितलं. ज्या बाईला सात वर्षं हे सांगायचं नव्हतं, तिनं ते असं सांगितलं. मी ते माझ्या भाषेत लिहिते, कारण तिची वाक्यं मधेच तुटत होती.

आम्ही कुरवंड्याचे. माझा बाप आणि त्याचा धाकटा भाऊ किसन भात लावायचे आणि उन्हाळ्यात डोली वाहायचे. बंगल्यांमधले पाहुणे नागफणीचा कडा बघायला यायचे. त्यांना चढवत नसे. जाड बांबूच्या दांड्याला खुर्ची टांगायची, पुढे एक माणूस, मागे एक. मागच्याला पुढचं काही दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर बसलेल्या माणसाची पाठ असते. म्हणून पुढचा हाळी देतो. धोंडा आला की "धोंडा!" पाय निसटेल असं असलं की "निसरडं!" मागचा तोच शब्द परत म्हणतो, म्हणजे पुढच्याला कळतं की त्यानं ऐकलं. हाळीवर दोघांची पावलं चालतात. हाळी थांबली तर मागचा आंधळा.

त्या दिवशी डोलीत मुंबईच्या एका मोठ्या वकिलाचा मुलगा होता. आदल्या रात्रीची दारू उतरली नव्हती. डोकं दुखत होतं. थोडं चढल्यावर तो म्हणाला, "कोकलू नका. गप्प चला."

माझा बाप म्हणाला, "सरकार, हाळी दिल्याबिगर मागल्याला दिसत न्हाई."

त्यानं हातातली छडी पुढे वाकून माझ्या बापाच्या मानेवर मारली. "गप्प म्हटलं ना."

बाप गप्प झाला.

कड्याच्या अलीकडे वाट अरुंद होते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. तिथं सुटा धोंडा होता. बापानं तो पाहिला आणि ओलांडला. हाळी दिली नाही. किसनचा पाय त्यावर पडला, धोंडा फिरला, पाय खालच्या कपारीत गेला आणि नडगी मोडली. आई म्हणाली, वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला असं बापानं तिला सांगितलं होतं. डोली कातळाच्या बाजूला पडली. वकिलाच्या मुलाचं कोपर खरचटलं आणि विजारीचा गुडघा फाटला. एवढंच.

तो उठला आणि त्यानं किसनला छडीनं झोडपायला सुरुवात केली. तोंडावर. छातीवर. किसन ओरडत होता, "पाय मोडलाय, सरकार, पाय!" तेव्हा त्यानं त्या पायावरच मारलं. मग बुटानं लाथ घातली. किसन मार चुकवायला कुशीवर वळला. ज्या बाजूला वळला तिकडे दरी होती.

माझ्या बापानं दोरी तोडली, डोलीचा दांडा ओढून काढला आणि त्या माणसाच्या डोक्यात घातला. पहिल्याच घावात तो मेला. बाप थांबला नाही. मागून दुसऱ्या डोलीतून येणारा त्याचा मित्र पोचेपर्यंत बाप मारतच होता. चेहरा ओळखू येत नव्हता. मित्रानं कोर्टात सांगितलं, मागचा हमाल स्वतःच्या चुकीनं घसरला. कोर्टानं ते धरलं. किसनच्या मरणाची कुणाला शिक्षा झाली नाही. माझ्या बापाला दहा वर्षं सक्तमजुरी झाली. राग अनावर झाला, ठरवून मारलं नाही, म्हणून फाशी टळली.

"फाशी देतील म्हून म्या रोज उठायची," आई म्हणाली. पातेलं एव्हाना आरशासारखं झालं होतं. ती घासतच होती.

पुढचं तिनं अगदी हळू सांगितलं. खटल्यानंतर बंगलेवाल्यांनी कुरवंड्याच्या माणसांना डोलीला बोलावणं बंद केलं. गावातले लोक आईच्या दारात येऊन थुंकून जायचे. तुझ्या नवऱ्यापायी आमची चूल विझली म्हणायचे. आई मला काखोटीला मारून लोणावळ्यात दारोदार काम मागत फिरली. बाईसाहेबांनी तिला ठेवून घेतलं. त्यांना सगळं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ठेवलं. अट एक. पोरीला बाप मेला असं सांगायचं.

आणि बाप मेला तर आईच्या कपाळावर कुंकू कसं?

"त्याच म्हनाल्या," आई म्हणाली. "पोर इचारंल. मंग म्या पुसलं. बांगड्या हितंच फोडल्या, ह्या दगडावर. त्या उभ्या हुत्या. बघत हुत्या."

नवरा जिवंत असताना. दगडाच्या खाणीत घाम गाळत असताना. लोणावळ्याहून गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर. माझी आई सात वर्षं विधवा होऊन जगली, एका बाईच्या प्रयोगासाठी. संक्रांतीला बंगल्यात हळदीकुंकू व्हायचं तेव्हा तिला मागच्या अंगाला बसवायचे आणि ती तिथून पाहुण्या बायकांचे उष्टे कप विसळायची.

तिनं लुगड्याची कंबर थोडी सैल केली आणि मला आत दाखवलं. कमरेला काळी दोरी बांधलेली होती. तिच्यात तिचं डोरलं. तिथली कातडी सात वर्षांच्या घासण्यानं काळी पडली होती.

"आता ऐकलंस," ती म्हणाली. "आता गप ऱ्हा. शिकून घे. तुला साळा पायजे का बाप पायजे? दोनी मिळायचं न्हाई हितं."

मी आठवडाभर गप्प राहिले. बाईसाहेबांनी रोज दुपारी शिकवलं, मी शिकले. त्यांनी दाखवलेल्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांच्या बोटाजवळ माझं बोट. मला ते बोट चावावंसं वाटत होतं. मी वाचत राहिले. कारण आई म्हणाली ते खरं होतं. मला शाळा हवी होती. पुण्याला मुलींच्या वसतिगृहात पाठवायचं बाईसाहेबांनी कबूल केलं होतं. त्या घराबाहेर आमच्यासाठी काही नव्हतं, हे मला बारा वर्षांच्या वयात पक्कं कळत होतं.

रविवार आला. तेच पाहुणे, आणखी दोघं-तिघं नवीन. डॉक्टरांनी पुन्हा फीत आणली होती, नव्या मंडळींना दाखवायला. मी कविता म्हटली. टाळ्या झाल्या. मग नव्यांपैकी एका बाईंनी माझ्या हातावर बर्फीचा तुकडा ठेवला आणि मराठीत विचारलं, गोड आवाजात,

"बाळ, तुझे वडील काय करायचे गं?"

मी वर पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी कप ओठांशी धरून थांबलेलं. कुणी डोळ्यांनी दुसऱ्याला खुणावलेलं. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. त्यांना ऐकायचं होतं मी "वारले" कसं म्हणते. पोरीच्या तोंडून खोटं निघतं तेव्हा तिचा चेहरा कसा दिसतो, एवढंच बघायचं होतं. बाईसाहेब हसत होत्या. माकडवाला माकडाकडे बघून हसतो तशा.

बर्फी माझ्या मुठीत चुरली.

मी इंग्रजीत बोलले. व्याकरणात एकही चूक न करता बोलले, कारण चूक केली असती तर त्यांनी फक्त चूकच ऐकली असती.

"माझे वडील जिवंत आहेत. ते येरवड्याच्या तुरुंगात आहेत. त्यांनी एका माणसाला मारलं. तो माणूस त्यांच्या भावाच्या मोडलेल्या पायावर छडीनं मारत होता. त्याचा मार चुकवताना त्यांचा भाऊ दरीत पडला."

मी डॉक्टरांकडे वळले.

"तुम्ही त्या माणसाचं डोकं मोजलं होतं का?"

डॉक्टरांच्या हातातली फीत खाली पडली. बाईसाहेब उठल्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी डॉक्टरांच्या खुर्चीला टेकवलेली काठी घेतली आणि मला मारली. पहिला फटका दंडावर बसला. दुसरा कानावर. त्या कानानं मला आजही नीट ऐकू येत नाही, तुम्ही फोनवर ओरडता ते त्यामुळे. मी खाली पडले. त्या मारत होत्या आणि म्हणत होत्या, "माझं अन्न खाऊन! माझं अन्न खाऊन!" पाहुण्यांपैकी एकही उठला नाही. एका बाईनं स्वतःच्या साडीवर सांडलेला चहा रुमालानं टिपला, ते मला दिसलं.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. व्हरांड्यावर यायची तिला मनाई होती. तिनं काठी हवेतच धरली. घासून घासून दगड झालेले हात होते ते. बाईसाहेबांना काठी सोडवेना.

"पोरीला हात लावायचा न्हाई."

"तू व्हरांड्यावर कशी आलीस? हो खाली!"

आईनं एका हातानं काठी धरून ठेवली. दुसऱ्या हातानं कमरेची दोरी हिसडून तोडली, डोरलं बाहेर काढलं आणि त्या सगळ्यांसमोर गळ्याशी धरलं.

"माजा नवरा जित्ता हाय, बाईसाहेब. सात वरसं तुमी त्येला मारून ठेवला. त्येनं तर एकदाच मारला."

बाईसाहेब डॉक्टरांकडे वळल्या. धाप लागली होती. "बघितलंत? बघितलंत ना? रक्त!"

त्यांचा प्रयोग संपला होता. उत्तर मिळालं होतं. काठी त्यांच्या हातात, रक्त माझ्या कानातून, आणि उत्तर आमच्या जातकुळीबद्दल.

ड्रायव्हर आणि माळी यांना बोलावलं. ड्रायव्हरनं मला केसांना धरून ओढलं. माळ्यानं आईला पायऱ्यांवरून ढकललं. ती तोंडावर पडली. पुढचे दात तुटले. आमचं गाठोडं फाटकाबाहेर फेकलं. माझी पुस्तकं ठेवून घेतली. आई उठली, तोंडातलं रक्त फाटकावर थुंकली आणि माझा हात धरून चालायला लागली.

कुरवंड्याला किसनकाकाची विधवा एकटी राहत होती. तिनं दारात आम्हाला पाहिलं. आईचं तोंड, माझा कान. मला वाटलं ही पण थुंकणार.

"कुनी केलं?" काकीनं विचारलं.

"पोरीनं तुज्या दादल्याचं नाव काढलं. बंगल्यात. समद्यांम्होरं," आई म्हणाली.

काकी बाजूला सरली. "आत या." त्या घरात मी मॅट्रिकपर्यंत राहिले. रोज पायी लोणावळ्याला शाळेत. शाळेत पोरी मला "फाशीवाल्याची" म्हणायच्या. मी सांगायचे, फाशी नाही, सक्तमजुरी. दोघी-तिघींची डोकी मी पाटीनं फोडली. एकदा त्यांनी मलाही बेशुद्ध होईपर्यंत मारलं. मी शाळा सोडली नाही. इंग्रजी मला बाईसाहेबांनीच दिलं, ते मी नाकारत नाही. त्यांनी ते मला दिलं ते कुत्र्याला उडी शिकवतात तसं. मी ते घेतलं आणि निघून आले.

बंगल्यातल्या त्या माराच्या जखमा सुकल्यावर आई मला येरवड्याला घेऊन गेली. गजांपलीकडे एक म्हातारा येऊन उभा राहिला. तो चाळिशीचाही नव्हता. डोकं भादरलेलं, हातांना खडीचे घट्टे. त्यानं आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"कुनाची गं तू?"

"तुमचीच."

तो म्हणाला, "तुला काय सांगितलं हुतं माज्याबद्दल?"

"तापानं मेला म्हून."

"आन् मंग आलीस भुताला भेटाया?" तो हसला. शिपायानं त्याला दटावलं. तो गजांना धरून जवळ आला.

"आबा," मी म्हणाले, "तुमी खरंच मारला?"

"व्हय. म्या मारला. मेल्यावर बी मारला."

"चुकलं वाटतं?"

"त्येला मारला त्येचं न्हाई वाटत. गप चाललो त्येचं वाटतं. एक हाळी दिली असती तर किसन्या जित्ता असता. फार तर छडी बसली असती." त्यानं मानेवर हात फिरवला. "ऐक पोरी. कुनी इचारलं तर सांग. मानूस मारला म्हून सांग. का मारला त्ये बी सांग. येक सांगून येक ठेवू नगंस."

शिक्षा संपवून तो घरी आला आणि दोन पावसाळे जगला. छाती खडीच्या धुळीनं भरली होती. खोकून खोकून मेला. त्याच्या तिरडीला खांदा द्यायला गावातले चौघं आले. ते चौघेही डोलीवाले होते.

आता तुमच्याबद्दल.

परवा तुमच्या बाबाचा फोन आला. आनंदात होता. तिकडे परदेशातल्या शाळेत, पोरी, तू पणजोबांबद्दल बोललीस म्हणे, वर्गानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. पणजोबा स्वातंत्र्यसैनिक. एका गोऱ्या अधिकाऱ्याला ठार करून तुरुंगात गेलेले. मी विचारलं, हे तिला कुणी सांगितलं? तो म्हणाला, "आई, तुरुंग तर तुरुंगच ना? लहान मुलांना एवढं सगळं कशाला? अभिमान वाटेल असं काहीतरी हवं."

माझा मुलगा. त्याला मी हे सगळं सांगितलं होतं, तो नऊ वर्षांचा असताना, या गोष्टीतला एकही घाव न गाळता. आणि त्यानं तेच केलं जे बाईसाहेबांनी केलं होतं. माझ्या बापाला मारून त्या जागी दुसरा उभा केला, जो पाहुण्यांसमोर दाखवता येईल.

मी त्याला फोनवरच सांगितलं आणि तुम्हाला इथे लिहून देते. माझा बाप कोणत्याही चळवळीत नव्हता. त्याला झेंडा माहीत नव्हता. त्यानं देशासाठी काही केलं नाही. जो मेला तो गोरा नव्हता. तो मराठी बोलत होता, आपल्यासारखा दिसत होता, सुशिक्षित घरातला होता. तुम्ही आज ज्या घरात वाढताय, तशाच घरातला. तुम्हाला हे ऐकून भीती वाटेल. वाटू दे. दहा वर्षांच्या मुलीला हे पेलत नाही असं तुमच्या बाबाला वाटतं. मला बाराव्या वर्षी पेललं. जे पेललं नाही ते खोटं.

हिवाळ्यात मी तिकडे येतेय. तिकीट काढलंय. तुझ्या शिक्षिकेला मी स्वतः इंग्रजीत पत्र लिहिलंय की मला त्या वर्गात बोलायचंय. बाबानं नको म्हटलं तरी मी बोलेन. त्यानं दार बंद केलं तर दाराबाहेर उभी राहून बोलेन. टाळ्या वाजणार नाहीत. वाजूच नयेत. माझ्या बापानं माणूस मारला, आणि का मारला, हे दोन्ही मी एकाच दमात सांगणार आहे, आणि तू तेव्हा माझ्या शेजारी उभी राहशील की बसून राहशील, ते तुझं तू ठरव. मी माझं ठरवलंय.